औद्योगिक रंजक स्फोटक आहे का, हे कसे ठरवावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंजक, म्हणजे रंगवण्याचे द्रव्य, बनवणाऱ्या, सुकवणाऱ्या, दळणाऱ्या आणि मिसळणाऱ्या कारखान्यांतून सुरक्षा अधिकारी, उत्पादन व्यवस्थापक आणि कधी कधी खुद्द मालक जे प्रश्न विचारतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. कारखान्यात रंजकाला सगळेच ‘डाय’ म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.

आमचा माल कापड रंगवायचा डाय आहे, दारूगोळा नव्हे. मग स्फोटाचा प्रश्न येतोच कुठे?

हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी कोणी विचारला असता, तर तो अगदी रास्त वाटला असता. पिक्रिक आम्ल हे एकोणिसाव्या शतकात रेशीम आणि लोकर पिवळी रंगवण्यासाठी वापरले जात होते. ते कडू असते, हाताला पिवळा डाग सोडते आणि पेटवले तर जळते, यापलीकडे त्याच्याविषयी फारशी धास्ती कोणाला नव्हती. १८७३ साली हर्मन स्प्रेंगेल यांनी डेटोनेटरच्या साहाय्याने त्याचा स्फोट होतो हे दाखवले आणि १८८० च्या दशकात फ्रान्सने तेच द्रव्य तोफगोळ्यांत भरायला घेतले. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात जे जहाज फुटून शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, त्या जहाजातील मालाचा मोठा भाग हा एकेकाळचा डायच होता. रेशीम आणि कातडे नारिंगी रंगवणारा ऑरेंशिया हाही असाच. तो हेक्झानायट्रोडायफेनिलअमाईनचे अमोनियम लवण आहे आणि त्याचे मूळ संयुग पुढे स्फोटके म्हणून वापरले गेले.

आज बाजारात असलेले बहुसंख्य डाय या जातीचे नाहीत, हे लगेच सांगितले पाहिजे. मात्र पिक्रिक आम्लाच्या बाबतीत वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम काय म्हणतात ते पाहण्यासारखे आहे. त्यात किमान ३० टक्के पाणी असेल तर ते ज्वालाग्राही घन पदार्थांच्या वर्गात बसते आणि त्याहून कमी असेल तर थेट स्फोटकांच्या वर्गात जाते. रेणू तोच, नाव तेच आणि रंगही तोच, तरी निकाल पाण्यावर ठरतो. या पानावरच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हाच मुद्दा वेगळ्या रूपात पुन्हा भेटेल.

‘स्फोटक आहे का’ हा एकच प्रश्न आहे, की अनेक?

दोन आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. पहिला प्रश्न असा की ढिगात, पिंपात किंवा ड्रायरमध्ये पडलेला डाय हवेच्या मदतीशिवाय, केवळ उष्णतेने, ठोक्याने किंवा घासण्याने स्वतःहून फुटू किंवा वेगाने विघटित होऊ शकतो का. दुसरा असा की त्याची बारीक पूड हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली, तर त्या धुळीच्या ढगाचा स्फोट होईल का. पहिल्याला रेणूतील अस्थिर गट जबाबदार असतात. दुसऱ्याला रेणूत विशेष काही असावे लागत नाही, कारण पिठीसाखर आणि मैदाही त्या अर्थाने स्फोटक आहेत. १४ डिसेंबर १७८५ रोजी इटलीतील तुरीन येथे एका बेकरीच्या गोदामात पिठाचा स्फोट झाल्याची सविस्तर नोंद आहे आणि धुळीच्या स्फोटांच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक मानली जाते.

‘आमच्या मालाची स्फोटकतेची चाचणी झाली आहे’ असे सांगत जो अहवाल पुढे ठेवला जातो, तो बहुतेक वेळा या दोहोंपैकी एकाच प्रश्नाचा असतो.

प्रयोगशाळेत जाण्याआधी नुसत्या रेणुसूत्रावरून काही कळते का?

बरेच कळते, आणि हे काम एका दुपारी टेबलावर बसून होते. प्रथम रचनेकडे पाहून नायट्रो, अझो, डायझोनियम, अझाइड, पेरॉक्साइड यांसारखे गट आहेत का ते शोधावे. असा एकही गट नसेल, तर पदार्थ स्वतः स्फोटक असण्याची शंका जवळजवळ मिटते आणि फक्त धुळीचा प्रश्न उरतो.

गट असतील तर ऑक्सिजन संतुलन, म्हणजे पूर्ण जळायला रेणूतलाच ऑक्सिजन कितपत पुरतो याचा आकडा, काढावे. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्याच संयुगासाठी कार्बनची दुप्पट अधिक हायड्रोजनची निम्मी संख्या घ्यायची, त्यातून ऑक्सिजनची संख्या वजा करायची, उत्तराला उणे १६०० ने गुणायचे आणि रेणुभाराने भागायचे. पिक्रिक आम्लासाठी हा आकडा सुमारे उणे ४५ येतो. नीळ, म्हणजे इंडिगो, घेतली तर तो सुमारे उणे २१३ येतो, अर्थात निळीत संशय घ्यावा असा गट मुळातच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी पुस्तिकेप्रमाणे गट असूनही हा आकडा उणे २०० च्या खाली असेल, तर पदार्थाला स्फोटकांच्या वर्गातून वगळता येते.

आता डिस्पर्स रेड १ पाहा. त्यात अझो गट आहे, नायट्रो गटही आहे आणि ऑक्सिजन संतुलन सुमारे उणे १९३ येते. म्हणजे तो या चाळणीतून थोडक्यात सुटत नाही. याचा अर्थ तो स्फोटक आहे असा मुळीच नाही. कागदावर निकाल लागला नाही आणि पुढची चाचणी करणे आले, एवढाच त्याचा अर्थ.

पुढची चाचणी म्हणजे डीएससी ना? तिचा आलेख कसा वाचायचा?

होय. डीएससीत, म्हणजे डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्रीत, तीन ते दहा मिलिग्रॅम नमुना एका छोट्या मुशीत घालून ठरावीक वेगाने तापवतात आणि किती उष्णता बाहेर पडली ते मोजतात. पाहायच्या गोष्टी दोन: उष्णता कोणत्या तापमानाला सुटू लागते आणि एकूण किती सुटते. विघटनाची ऊर्जा प्रतिग्रॅम ५०० ज्यूलपेक्षा कमी असेल आणि सुरुवात ५०० अंशांच्या खाली होत असेल, तर पदार्थाला स्फोटकाच्या वर्गात घालण्याची प्रक्रिया तिथेच थांबवता येते. परंतु ५०० ज्यूल हा ‘काही होणार नाही’ असे सांगणारा आकडा नव्हे. सेंद्रिय घन पदार्थाची विशिष्ट उष्णता प्रतिग्रॅम दीड ते दोन ज्यूल धरली, तर बाहेर जायला वाट नसलेली एवढी उष्णता पदार्थाला अडीचशे ते सव्वातीनशे अंशांनी आणखी तापवते. असा माल वर्गीकरणात स्फोटक ठरत नाही, पण ड्रायरचे झाकण उडवायला तो पुरेसा असतो.

एक नायट्रो गट विघटनात साधारणपणे प्रतिमोल तीनशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा देतो. रेणुभार ४०० असलेल्या डायमध्ये असा एक गट असला, तरी हिशेब प्रतिग्रॅम ७५० ज्यूलवर जातो. हा अंदाज आधी कागदावर करून मगच आलेख हाती घ्यावा. अंदाज ७५० चा आणि अहवालात १२०, असे दिसले तर चाचणी उघड्या मुशीत केली होती का, हे विचारावे. उघड्या किंवा सैल झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या मुशीतून वाफ निघून जाते, बाष्पीभवनाने खेचलेली उष्णता विघटनाच्या उष्णतेला झाकून टाकते आणि आलेख फसवा शांत दिसतो. दाब सहन करणारी, पूर्ण बंद मूसच मागावी.

‘डीएससीतील सुरुवातीच्या तापमानापेक्षा १०० अंश खाली राहिले की झाले’ असा एक नियम तोंडी चालत आलेला आहे. झटपट होणाऱ्या कामासाठी तो ढोबळमानाने चालतो. स्वतःच स्वतःचा वेग वाढवणाऱ्या विघटनासाठी तो चालत नाही, आणि नायट्रो संयुगे नेमकी याच स्वभावाची असतात.

ठोका, घर्षण आणि बंदिस्त उष्णता यांच्या चाचण्या कशा असतात?

युरोपीय पद्धतीत तीन चाचण्या आहेत. दहा किलोचे वजन चाळीस सेंटिमीटरवरून, म्हणजे सुमारे ४० ज्यूल ऊर्जेने, नमुन्यावर पाडतात. पोर्सेलीनच्या पट्टीवर ठेवलेला नमुना खुंटीखाली ३६० न्यूटन भाराने घासतात. आणि कोएनेन चाचणीत पोलादी नळीत नमुना भरून, तिच्या तोंडाशी २ किंवा ६ मिलिमीटर छिद्राची चकती बसवून ती चारी बाजूंनी तापवतात. नळी अखंड राहिली, फुगली की तिचे तुकडे झाले, यावर निकाल ठरतो. तुकडे मोजण्याची ही पद्धत जुन्या वळणाची वाटेल, पण बंद भांड्यात वायू किती वेगाने तयार होतो हे ती ज्या स्पष्टपणे दाखवते, तसे कोणताही आलेख दाखवत नाही.

धुळीच्या स्फोटाची चाचणी प्रत्यक्षात कशी होते?

वीस लिटरचा पोलादी गोळा असतो आणि त्याच्या दुहेरी भिंतीतून पाणी खेळवून तापमान स्थिर ठेवलेले असते. आतील हवा थोडी काढून घेतात, खालच्या छोट्या कुपीत समजा पाच ग्रॅम डाय भरतात आणि २० बार दाबाच्या हवेने तो गोळ्यात उडवतात. पाच ग्रॅम म्हणजे घनमीटरला २५० ग्रॅम. बरोबर साठ मिलिसेकंदांनी मध्यभागी लावलेल्या पाच-पाच किलोज्यूलच्या दोन रासायनिक वाती पेटतात. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दार आपटल्यासारखा एक बसका आवाज ऐकू येतो आणि पडद्यावर दाबाची रेघ चढलेली दिसते. गोळा उघडल्यावर निळ्या पुडीच्या जागी काजळी आणि जळक्या केसांसारखा उग्र वास असेल, तर निकालासाठी आकड्यांची वाट पाहावी लागत नाही.

हीच कृती वेगवेगळ्या प्रमाणांत करून सर्वाधिक दाब आणि दाबवाढीचा सर्वाधिक वेग काढतात. सेंद्रिय पुडींचा सर्वाधिक दाब सहसा सात ते नऊ बारच्या घरात येतो, तर साध्या विटांची भिंत काही दशांश बारलाही टिकत नाही. दाबवाढीच्या वेगाला भांड्याच्या घनफळाच्या घनमुळाने गुणले की केएसटी, म्हणजे स्फोटाच्या तीव्रतेचा आकडा, मिळतो. २०० पर्यंत एसटी १, ३०० पर्यंत एसटी २ आणि त्यापुढे एसटी ३ असे वर्ग आहेत. ‘आमचा फक्त एसटी १ आहे’ हे समाधानाने सांगितले जाते तेव्हा पिठीसाखर आणि मैदा सहसा याच वर्गात येतात, हे लक्षात आणून द्यावे लागते. वर्गाचा उपयोग स्फोटद्वाराचे, म्हणजे स्फोटाचा दाब बाहेर सोडणाऱ्या दाराचे, क्षेत्रफळ काढण्यापुरता आहे.

एक तांत्रिक बाब. दहा किलोज्यूलच्या वाती वीस लिटरच्या जागेला काहीशा जास्तच होतात, त्यामुळे अगदी मंद डाय तिथे स्फोटक असल्याचा भास होऊ शकतो. केएसटी फारच कमी आला आणि त्यावर मोठा खर्च अवलंबून असेल, तर एक घनमीटरच्या भांड्यात खात्री करून घेणे योग्य ठरते.

अहवालात इतके आकडे असतात. त्यांतले शॉप फ्लोअरवर खरोखर कामाचे कोणते?

माझ्या मते सर्वांत कामाची किमान प्रज्वलन ऊर्जा, जिला प्रयोगशाळेत एमआयई म्हणतात. ढग पेटवायला कमीत कमी किती ऊर्जेची ठिणगी लागते, हे ती सांगते. माणसाच्या शरीराची विद्युत धारकता सुमारे २०० पिकोफॅरड धरली आणि रबरी चपला घालून कोरड्या दिवसात प्लॅस्टिकची पिशवी झटकताना अंगावर दहा हजार व्होल्ट साठले, तर बोटातून सुटणारी ठिणगी १० मिलिज्यूलची असते. पंधरा हजार व्होल्टला ती साडेबावीस होते. म्हणून एमआयई २५-३० मिलिज्यूलच्या खाली असेल तर यंत्रांबरोबर माणसाचेही अर्थिंग लागते, म्हणजे स्थिर वीज वाहून नेणारी पादत्राणे आणि तशीच फरशी. १०० च्या खाली त्याचा गंभीरपणे विचार करावा आणि ५०० च्या खाली धातूच्या प्रत्येक भागाला जंपर, म्हणजे अर्थिंगला जोडणारी तार, हवाच. पावसाळ्यात तारापूरच्या दमट हवेत जे कधी जाणवत नाही, ते जानेवारीतल्या कोरड्या पहाटे जाणवते.

त्याखालोखाल ढगाचे आणि थराचे प्रज्वलन तापमान. समजा ढग ४८० अंशांना पेटतो आणि पाच मिलिमीटरचा थर २९० अंशांना धुमसतो. ढगासाठी दोन-तृतीयांश, म्हणजे ३२० अंशांची मर्यादा येते. थरासाठी ७५ वजा करून २१५ येतात. दोहोंतला लहान आकडा धरायचा, त्यामुळे मोटार, बेअरिंग आणि स्टीमची उघडी पाइपलाइन २१५ च्या आत राहिली पाहिजे. ढगाचाच आकडा वाचून निर्धास्त झालेले लोक बरेच भेटतात, पण थर तापायला रात्रभर वेळ असतो आणि त्याला उडावेही लागत नाही.

चाचणीसाठी नमुना कोणता पाठवायचा?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि नेमका हाच सर्वांत कमी वेळा विचारला जातो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याने आमच्याकडे रिॲक्टिव्ह डायचा नमुना पाठवला. निकाल अगदी सौम्य आला. तो कळवण्याआधी सवयीने विचारले, की हा माल कुठून उचलला. उत्तर आले, ‘साहेब, पॅकिंगमधून. पार्टीला जातो तोच.’ म्हणजे ग्लॉबर्स सॉल्ट (सोडियम सल्फेट हे मीठ) मिसळून रंगाची शक्ती प्रमाणित केलेला तयार माल. प्रश्न होता स्प्रे ड्रायर आणि त्यामागच्या बॅग फिल्टरचा, आणि मीठ मिसळले जात होते त्यानंतर, ब्लेंडरमध्ये. बॅग फिल्टरच्या पिशव्यांवरून खरवडलेली पूड मागवली, तेव्हा ती मिठाविना, कितीतरी बारीक आणि जवळजवळ पूर्ण कोरडी निघाली. तिचे आकडे पहिल्या नमुन्याच्या आकड्यांशी कुठेच जुळत नव्हते. पहिला अहवाल चुकलेला नव्हता. तो दुसऱ्याच पदार्थाचा होता.

म्हणून नमुना ज्या जागेविषयी शंका आहे, त्याच जागेवरचा असावा. ड्रायरचा प्रश्न असेल तर ड्रायरमधला, सायक्लोनचा (हवा गरगरवून पूड वेगळी करणाऱ्या यंत्राचा) असेल तर सायक्लोनच्या मागे पकडली जाणारी सर्वांत बारीक पूड. प्रमाणित पद्धतीत साधारण ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि ५ टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचा नमुना अपेक्षित असतो, आणि त्यामागचा विचार असा की बारीक पूडच उडते, दूर जाऊन बसते आणि तिथेच सुकते. ‘आमचा माल दाणेदार आहे’ या म्हणण्याला पिंपाच्या तळाशी बोट फिरवून पाहणे हे पुरेसे उत्तर आहे.

मीठ किंवा डिस्पर्सिंग एजंट मिसळल्याने धोका घटतो, यात शंका नाही. परंतु ज्वलनशील धूळ निष्क्रिय करायला किती निष्क्रिय पूड लागते, याची कल्पना कोळशाच्या खाणींवरून येते. अमेरिकेतील नियमांत खाणीच्या रस्त्यांवरील धुळीत ८० टक्के भाग न जळणारा असावा लागतो. डायमध्ये तीस-चाळीस टक्के मीठ आहे म्हणून चाचणीच नको, हा युक्तिवाद त्यापुढे टिकत नाही. शिवाय सायक्लोनमध्ये जड मीठ आणि हलका डाय एकत्र राहतातच, असे नाही.

ड्रायर बंद करून माल आत ठेवला तर काय बिघडते?

इंग्लंडमधील किंग्ज लिन येथे २७ जून १९७६ रोजी झोअलीन नावाच्या पुडीचा ड्रायरमध्ये स्फोट होऊन एक कामगार मरण पावला. हा डाय नव्हता, कोंबड्यांच्या खाद्यात घालायचे औषध होते. पण रेणू नायट्रो कुळातलाच, डाय बनवताना मधल्या टप्प्यांत लागणाऱ्या रसायनांच्या अगदी भावकीतला. त्याच्या आधी चाचण्या झालेल्या होत्या आणि त्यांत भयंकर असे काही दिसले नव्हते. घटनेच्या वेळी सुमारे १३०० किलो माल सुकून झाल्यावरही १२० ते १३० अंशांत २४ तासांहून अधिक काळ ड्रायरमध्येच राहिला होता. थोड्या नमुन्यातून उष्णता सहज निसटते. मोठ्या ढिगाच्या मध्यातून ती निसटत नाही, आणि तिथे अगदी हळू चालणारे विघटनही तासागणिक स्वतःला तापवत राहते.

म्हणूनच स्वतःहून तापण्याच्या चाचणीत नमुन्याचा आकार हाच मुख्य मुद्दा असतो. वाहतुकीच्या नियमांतील चाचणीत १०० मिलिमीटर आणि २५ मिलिमीटर बाजूंच्या जाळीच्या घनाकृती टोपल्यांत माल भरून २४ तास १४० अंशांत ठेवतात. आतील तापमान भट्टीपेक्षा ६० अंशांनी वर गेले तर तो स्वयंतापी ठरतो. कोळशाच्या अनुभवावरून बसवलेला हिशेब असा की १४० अंशांतील १०० मिलिमीटरची टोपली ही ५० अंशांतील २७ घनमीटर ढिगाच्या बरोबरीची आहे. जंबो बॅगमध्ये गरम माल भरून त्या रात्रभर एकमेकींना खेटून ठेवायच्या का, याचे उत्तर या हिशेबात आहे.

तापमापी कुठे आहे, हेही पाहावे. २१ सप्टेंबर १९९२ रोजी यॉर्कशायरमधील कॅसलफर्ड येथे नायट्रोटोल्युइनच्या ऊर्ध्वपातन भांड्यातला वर्षानुवर्षांचा गाळ मऊ करण्यासाठी वाफेने तापवला गेला. गाळ ९० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नव्हता, पण तापमापीचे टोक गाळात नव्हतेच. उसळलेल्या ज्वालेत पाच जण मरण पावले. ड्रायरमध्येही बहुतेक ठिकाणी मोजले जाते ते हवेचे तापमान. भिंतीला चिकटलेल्या करपलेल्या पापुद्र्याचे तापमान कोणीच मोजत नाही.

यंत्रात नायट्रोजन भरला की प्रश्न मिटला ना?

धुळीचा मिटतो, विघटनाचा मिटत नाही. बहुतेक सेंद्रिय पुडींचा ढग ऑक्सिजन ८ ते १२ टक्क्यांच्या खाली गेला की पेटत नाही, त्यामुळे मोजलेल्या मर्यादेच्या खाली पुरेसे अंतर ठेवून नायट्रोजन चालवणे ही उत्तम योजना आहे. पण काही अझो आणि नायट्रो डाय एका टोकाला तापले की हवेशिवायच सगळ्या ढिगातून जळत गेल्यासारखे विघटित होत जातात आणि भरपूर वायू सोडतात. त्यासाठी वेगळी चाचणी असते आणि ती अहवालात आपोआप येत नाही, मागावी लागते.

मॅनहोलमधून मिथेनॉलमध्ये पूड ओतताना वेगळी काळजी लागते का?

लागते, आणि इथे डायची एमआयई पाहून उपयोग नाही. मिथेनॉलची वाफ पेटायला ०.१४ मिलिज्यूल पुरते. पिशवीतून पूड घसरत जाते, तेव्हा पिशवीवर, पुडीवर आणि ओतणाऱ्या माणसावर विद्युतभार जमतो, आणि हे सगळे वाफेच्या तोंडाशीच घडते. वाफ आणि धूळ एकत्र असलेले मिश्रण दोहोंपैकी अधिक हळव्या घटकाच्या बाजूने वागते, असे धरून चालावे. आधी पूड भरून, भांड्यात नायट्रोजन घेऊन नंतर सॉल्व्हंट सोडता येत असेल, तर क्रम बदलण्याला पैसाही लागत नाही.

एमएसडीएसवर, म्हणजे मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकावर, ‘स्थिर, स्फोटक नाही’ असे लिहिले आहे. ते पुरेसे नाही का?

८ एप्रिल १९९८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात पॅटरसन येथे मॉर्टन इंटरनॅशनलच्या कारखान्यात ऑटोमेट यलो ९६ हा डाय बनवताना केटलमधील, म्हणजे अभिक्रियेच्या भांड्यातील, अभिक्रिया हाताबाहेर गेली, स्फोट झाला आणि नऊ कामगार जखमी झाले. ऑर्थो-नायट्रोक्लोरोबेंझीन आणि २-एथिलहेक्झिलअमाईन यांची ती अभिक्रिया होती. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत दिसून आले, की हा डाय जास्त तापमानाला उष्णता सोडत विघटित होतो हे कंपनीच्या संशोधन विभागाला आधीच ठाऊक होते. ती माहिती केटलवर काम करणाऱ्यांपर्यंत पोचली नव्हती. आधीच्या काही बॅचमध्येही तापमान मर्यादेबाहेर गेले होते आणि त्याची चौकशी झाली नव्हती. माहितीपत्रक कोणी, कोणत्या नमुन्यावरून आणि कोणत्या चाचणीच्या आधारे भरले, हे त्यावर लिहिलेले नसते. ‘माहिती उपलब्ध नाही’ आणि ‘धोका नाही’ हे दोन शेरे एकाच रकान्यात येतात, आणि घाईत वाचणाऱ्याला ते सारखेच वाटतात.

वीस वर्षे हाच माल याच पद्धतीने बनवतो आहोत. काही झालेले नाही. याला काहीच किंमत नाही का?

किंमत आहे, पण ‘हाच माल’ आणि ‘याच पद्धतीने’ हे शब्द अक्षरशः खरे असतील तेव्हाच. जर्मनीतील ओपाऊ येथे बीएएसएफच्या कारखान्यात अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचे मिश्र खत गोदामात घट्ट बसत असे आणि ते सुटे करण्यासाठी सुरुंग लावले जात. असे हजारो सुरुंग काहीही न होता उडाले होते. २१ सप्टेंबर १९२१ रोजी त्यातलाच एक लावला आणि पाचशेहून अधिक माणसे गेली. तारीख कॅसलफर्डचीच आहे, हा निव्वळ योगायोग. मधल्या काळात खत सुकवण्याची पद्धत बदलून फवारा पद्धत आली होती, त्यामुळे ओलावा सुमारे चार टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आला होता आणि माल अधिक हलका झाला होता. मालाचे नाव मात्र बदलले नव्हते, आणि सुरुंग लावण्याची रीतही.

ट्रे ड्रायरऐवजी स्प्रे ड्रायर घेताना ही गोष्ट आठवावी.

फरशीवर थोडीफार धूळ असते. तिने काय होणार?

हिशेब करून पाहावा. पुडीची ढोबळ घनता घनमीटरला ५०० किलो धरली, तर एक मिलिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम. पाच मीटर उंच शेडमध्ये तो पूर्ण उडाला तर सरासरी घनमीटरला १०० ग्रॅम होतात, आणि अनेक सेंद्रिय धुळी ३० ते ६० ग्रॅमलाच पेटतात. पहिला छोटा स्फोट पल्व्हरायझरमध्ये, म्हणजे दळण्याच्या यंत्रात, होतो. त्याच्या झोताने तुळयांवरची, केबल ट्रेवरची आणि फॉल्स सीलिंगवरची धूळ खाली येते, आणि दुसरा स्फोट शेड पाडतो. फरशी दिसते म्हणून झाडली जाते. तुळया सहसा कोणी पाहत नाही. झाडण्यासाठी कॉम्प्रेस्ड एअर वापरू नये, कारण ढग तयार करण्याचा तोच सर्वांत सोपा मार्ग आहे.

रंगपंचमीच्या कोरड्या रंगालाही हे लागू आहे का?

उघड्या मैदानात चिमूटभर उधळलेल्या गुलालाला नाही. पण २७ जून २०१५ रोजी तैवानमधील एका जलक्रीडा उद्यानात रंगीत मक्याच्या पिठाचे ढग रंगमंचावरून प्रेक्षकांवर उडवले गेले, ते पेटले, पंधरा जण दगावले आणि जवळपास पाचशे भाजले. त्या जागेला छतसुद्धा नव्हते. आधार स्टार्चचा असेल आणि तो यंत्राने गर्दीवर फवारायचा असेल, तर आयोजकाने दिवे, सिगारेटी आणि तापलेली यंत्रे यांचा विचार केलाच पाहिजे. निव्वळ खनिज पुडीचा आधार जळत नाही.

कायदा काय म्हणतो?

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३७ याच विषयावर बेतलेले होते: यंत्रे बंदिस्त असावीत, धूळ काढून टाकावी किंवा साठू देऊ नये, ठिणगीची साधने दूर ठेवावीत, आणि यंत्र स्फोटाचा दाब सोसणारे नसेल तर अडसर व दाब सोडणारी दारे असावीत. एवढ्या चार ओळींत सगळे अभियांत्रिकी तत्त्व आले आहे. महाराष्ट्रात कारखान्यांची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. मालच स्फोटकाच्या व्याख्येत बसत असेल तर १८८४ चा स्फोटक अधिनियम लागू होतो आणि त्याचे काम पाहणाऱ्या पेसोचे मुख्यालय नागपूरला आहे. धूळ पेटते एवढ्यावरून मात्र डाय त्या अधिनियमाखाली येत नाही.

एकदा चाचणी झाली, की पुन्हा केव्हा करायची?

कालावधीने ती जुनी होत नाही, बदलाने होते. ड्रायर किंवा त्याचे तापमान बदलले, जाळी बारीक केली, मीठ मिसळण्याची जागा पुढेमागे झाली, डिस्पर्सिंग एजंट दुसऱ्या पुरवठादाराचा आला, धुण्याचे पाणी वाचवल्यामुळे प्रेस केकमध्ये (गाळून दाबलेल्या ओल्या डायमध्ये) नायट्राइट जास्त राहू लागले, पिंपाऐवजी जंबो बॅग आली, तर जुना अहवाल बाजूला ठेवून डीएससी आणि एमआयई एवढ्या दोन तरी चाचण्या नव्याने कराव्यात. संपूर्ण संचाला साधारण किलोभर पूड लागते. ती बॅग फिल्टरच्या पिशवीवरून, चालू बॅचची, हवाबंद डब्यात भरलेली असावी. डब्यावर बॅच क्रमांक, उचलण्याची जागा आणि उचलतानाचा ओलावा लिहावा. रंगाचे नाव शेवटी लिहिले तरी चालेल.